मुरमांपायी गोळी सोडू नका

लिथियम सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, कधी महिन्यांनी, चेहऱ्यावर, छाती-पाठीवर, दंडांवर लालसर पुळ्या उठतात. कॉलेजच्या वयातही ज्यांना कधी मुरूम आले नाहीत, त्यांना चाळिशीत येतात. मग एक दिवस माणूस घरात कुणालाही न सांगता गोळी बंद करतो. तो दिवस उजाडण्याआधी हे वाचा, आणि घरात कुणी ही गोळी घेत असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. बायपोलर आजारात आत्महत्येचा धोका घटवणारं म्हणून ते आजही ओळखलं जातं. एकाएकी थांबवलं तर उन्माद किंवा नैराश्य उलटून येतं आणि तो धोका पुन्हा वाढतो. पुळ्यांना मी हलकं लेखत नाही. लग्नाची बोलणी चालू असलेल्या मुलीला ‘त्यात काय एवढं’ म्हणणारे डॉक्टर तिला गोळी सोडायलाच लावतात.

घरच्यांनो, ‘मीठ सोड, पोट साफ कर’ हा सल्ला इथे घातक आहे. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम पुरेसं बाहेर टाकत नाहीत, रक्तातली पातळी चढते. ती साधारण ०.६ ते १.० mEq/L हवी, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर तडक दवाखाना गाठा. म्हणून अळणी जेवण नको, जुलाबाचं चूर्ण नको, निर्जळी उपवास नको. पुळी ठणकते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही नको. त्यांनीही पातळी वाढते.

औषध दुकानदारांना हात जोडून विनंती: स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नका. २०१८ पासून तसा नियमच आहे. चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरूम दुप्पट जोमाने येतात.

उपाय आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री अ‍ॅडापेलिन जेल, आणि दोन-तीन महिने धीर. त्वचारोगतज्ज्ञांना लिथियमचं नाव आधी सांगा, कारण टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिकनेही पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. आयसोट्रेटिनॉइन तर दोन्ही डॉक्टरांच्या संमतीनेच. मनःस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं आणि गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. एवढं करूनही भागलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ डोस कमी करतील किंवा औषध बदलतील, पण टप्प्याटप्प्याने.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बायपोलरवरचंच दुसरं औषध लॅमोट्रिजिन घेताना, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, पुरळ उठलं तर ते मुरूम समजून बसू नका. सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सोलणं असेल तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि ज्यांनी गोळी आधीच सोडली आहे, त्यांनी जुना डोस स्वतःच पुन्हा सुरू करू नये. आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटत नसतील आणि मन ढासळत असेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.