कळसूची अट

हिरकणीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि मग रात्रीच्या अंधारात उतरलेला तो कडा. तिच्या नावाचा बुरूज आहे. एस.टी.ची गाडी तिच्या नावाने धावते. २०१९मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. बायकांना बाळाला पाजता यावं म्हणून स्थानकांत आणि कचेऱ्यांत जी खोली असते, तिलाही नाव ‘हिरकणी कक्ष’! कक्षाची गरज आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण जिने अंधारात कडा उतरून दाखवला, तिची आठवण आपण नेमकी चार भिंतींत ठेवली, हे जरा बघा.

आता दुसरी गोष्ट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. लोककथा सांगते की कळसू ही रानावनात रमणारी कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली ती अट घालून : सांगाल ते काम करीन, पण झाडणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी घरच्यांनी अट मोडली, तिला तीच कामं करायला लावली. तिने ती केली, आणि सरळ डोंगर चढून गेली. परत आली नाही. ही गोष्ट आपल्याला कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटली? हिरकणी कडा उतरून घरी आली म्हणून आदर्श झाली. कळसू घर सोडून वर गेली, तिची देवी करून टाकली आणि तिची अट मात्र सोयीस्करपणे विसरली गेली.

मैत्रिणींनो, या दोन गोष्टींच्या मध्ये आपण सगळ्या अडकलो आहोत. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. मुलाचं आजारपण, बहिणीचं बाळंतपण, नवस, लग्नकार्य, नोकरी. नवरात्रात कळसूबाईवर बायकांची रांग लागते, कारण देवीचं नाव घेतलं की परवानगी मिळते. ‘मला बरं वाटतं म्हणून चालले’ हे कारण मात्र कुठल्याच घरात चालत नाही. मला ज्या विषयावर आज भांडायचं आहे तो हाच : थंडीच्या दिवसांत डोंगरावर, अगदी हिमालयातल्या बर्फात, केवळ मौजेसाठी जाण्याचा बाईचा हक्क.

सारसोळ्यात आमच्या बायकांच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला विरोध झाला तो सासवांकडून नव्हे, आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीकडून. “मारहाणीच्या केसेस पडून आहेत, रेशनचे प्रश्न आहेत आणि तुम्हाला बर्फ सुचतंय? ही मध्यमवर्गीय चैन आहे.” हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे.

कामगार चळवळीने काय मागितलं होतं? आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी. १८८६ साली शिकागोत याच मागणीसाठी माणसं रस्त्यावर उतरली. ते तिसरे आठ तास म्हणजे चैन, असं कुणी म्हणालं नाही. मग बाईच्या तिसऱ्या आठ तासांचं काय झालं? सरकारच्याच २०२४च्या वेळवापर पाहणीत आलं आहे की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. आपल्या वस्तीतली मासळी विकणारी बाई पहाटे उठून बाजार गाठते आणि घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. तिच्या मेहनतीवर आपण पोस्टर काढतो. तिच्या मौजेवर एक ओळ तरी लिहिली आहे का? दुःखातच बाई आपली, आणि ती हसायला लागली की मध्यमवर्गीय, हे कुठलं वर्गविश्लेषण?

पैशाचा मुद्दा खरा आहे. बर्फातल्या सहलीला काही हजार रुपये लागतात. पण बचत गटातून लग्नाला, मुलाच्या मोटारसायकलला कर्ज निघतं. बाईच्या प्रवासाला का निघू नये?

दुसरा आक्षेप घरचा : “काही झालं तर?” हा प्रश्न काळजीच्या रूपात येतो म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड. पण नीट पाहा, काळजी दोन प्रकारची असते. एक बाईला अडवते, दुसरी तिला तयार करते. केरळात अगस्त्यकूडम नावाचं १८६८ मीटरचं शिखर आहे. तिथे बायकांना माथ्यापर्यंत जायला बंदी होती. बायकांच्या संघटना कोर्टात गेल्या, २०१८मध्ये उच्च न्यायालयाने भेदभाव करता येणार नाही असं सांगितलं, आणि जानेवारी २०१९मध्ये धन्या सनल वर चढून गेली. कुठे देवाच्या नावाने अडवतात, कुठे सुरक्षिततेच्या. अडवणूक तीच.

डोंगरात धोका नसतो असं मी म्हणणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली. २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल ही प्रशिक्षिका होती, त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत सर करणारी. गेलेल्यांत पुरुष खूप होते. म्हणून पुरुषांनी डोंगरावर जाऊ नये असं कुणी म्हणालं का? बर्फ स्त्री-पुरुष बघत नाही. बर्फ तयारी बघतं. तेव्हा आपण तयारीबद्दल बोलू, कारण तयारी हीसुद्धा राजकीय गोष्ट आहे.

तयारी सुरू होते रक्तापासून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची मुलं-मुली उत्तराखंडात सांकरी गावाहून ज्या केदारकंठावर जातात, ते साधारण ३८०० मीटर उंच. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. त्यात रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर पाय उचलणार कसे? म्हणून चार-पाच महिने आधी रक्त तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं बंद करा. बर्फाच्या निमित्ताने एवढं जरी झालं तरी सहल सार्थकी लागली!

मग पाय. आमच्यासारख्यांनी सुरुवात घराजवळून करावी. रोज पहाटे सारसोळे जेट्टीपर्यंत भरभर चालणं, रविवारी पारसिकचा डोंगर, महिन्याभराने कर्नाळा, मग पाठीवर सामानाची सॅक घेऊन बारी गावातून कळसूबाई. डिसेंबरात तिथे पहाटेचा वारा हाडात शिरतो. पुढच्या बर्फाची ती पहिली चाचणी.

मग कपडे. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंग गार करतो. म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. एकच जाडजूड कोट नव्हे, थर हवेत, म्हणजे चढताना काढता येतात आणि थांबल्यावर घालता येतात. मोजे कोरडे ठेवा. ओला मोजा म्हणजे हिमदंशाला आमंत्रण. बुटांना लावायचे काटे आणि बर्फ आत जाऊ न देणारं पायवेष्टण सांकरीत भाड्याने मिळतं. सगळं विकत घ्यायची गरज नाही.

आता पाणी आणि लघवी. हे स्पष्ट लिहिलंच पाहिजे. आडोसा नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. लोकलमध्ये, बाजारात, बांधकामावर आयुष्यभर हेच शिकलो. मुंबईतल्या संघटनांनी २०११पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती उगीच नाही. पण उंचावर पाणी न पिणं महागात पडतं. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यायलाच हवं. दोघींनी शाल धरावी, तिसरीने बसावं. बायका-बायकांच्या तुकडीत हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. पाळी आली तर डोंगर बाटत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून खाली परत आणायचे, वर टाकायचे नाहीत.

शेवटी दोन गोष्टी ज्या पाठ असल्या पाहिजेत. एक, उंची हळूहळू वाढवायची. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवू नये. डोकं दुखतं, मळमळतं, तर ‘मी ठीक आहे’ म्हणायचं नाही. बायकांना हे वाक्य फार सवयीचं आहे! दुखणं सांगायचं, थांबायचं, वाढलं तर लगेच खाली उतरायचं. दोन, नवा बर्फ पडल्यावर पहिला एक-दोन दिवस आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, हे हिमस्खलनाचं घर. स्थानिक वाटाड्या नको म्हणाला की नको. परत फिरणं म्हणजे हार नव्हे.

आणि ज्यांच्या डोंगरावर आपण जातो त्या बायकांचं काय? सह्याद्रीतली ठाकर, महादेव कोळी बाई रोज सरपण आणि पाणी घेऊन डोंगर चढते. तिला कुणी गिर्यारोहक म्हणत नाही. तिच्या घरी उतरा, तिच्या हातचं जेवलात तर घासाघीस न करता पैसे द्या, ओझं वाहणाऱ्याच्या पाठीवर माणुसकीपुरतंच ओझं द्या. नाहीतर आपली मौज तिच्या कष्टावर उभी राहील, आणि मग आपल्यात आणि इतरांत फरक काय?

एवढं सगळं कशासाठी? गुडघाभर बर्फात पहिलं पाऊल रुततं, तेव्हा ऐकू येतो तो फक्त आपलाच श्वास. माथ्यावर सूर्य उगवतो आणि समोर शिखरांची रांग सोनेरी होते. उतरताना पन्नाशीची बाई बर्फावर बसून सुळकन घसरत येते आणि लहान मुलीसारखी ओरडते. या ओरडण्याचा कुणालाच काही उपयोग नाही. म्हणूनच तो तिचा हक्क आहे.

जपानच्या जुन्को ताबेईने १९६९ साली केवळ बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. घरी बसून मुलं सांभाळा, असं त्यांना ऐकवलं गेलं. पैसे नव्हते तर त्यांनी मोटारीच्या आसनांच्या आवरणातून हातमोजे शिवले. १९७५मध्ये ती एव्हरेस्टवर पोचणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा तिला तीन वर्षांची मुलगी होती. आपल्याकडे पुण्याची कृष्णा पाटील २००९मध्ये एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली, साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३मध्ये एव्हरेस्टवर आणि २०२१मध्ये अन्नपूर्णेवर. त्यांचे सत्कार आपण केले. सत्कार करणं सोपं असतं. आपल्या गटातल्या भांडीवाल्या ताईंना आठ दिवस सुट्टी मिळवून देणं अवघड.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गटाने वार्षिक कार्यक्रमात मोर्चा, शिबिर, ८ मार्च यांच्याबरोबर हिवाळ्यातला एक डोंगर धरावा. जुलैत रक्त तपासावं, ऑगस्टपासून चालावं, बचतीतून महिना थोडे पैसे बाजूला काढावेत, डिसेंबरात कळसूबाई आणि जानेवारीत जमेल तिने बर्फ गाठावं. त्या आठ दिवसांत घरचा स्वयंपाक कोण करणार, हे बैठकीत नव्हे, ज्याच्या-त्याच्या घरात ठरू द्या. आणि डबे भरून, पिठलं-भाकरीची सोय लावून, सगळ्यांचं आवरून मग निघायचं नाही. अट आधी घालायची, कळसूसारखी. फरक इतकाच, की आपण परत येणार आहोत, आणि आल्यावरही अट कायम राहणार आहे.