पावसाचा पेपर कोणी काढावा?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला पावसाविषयी बोलायला निमित्त लागत नाही. मुलुंडच्या फलाटावर सकाळी आठच्या गर्दीतही चार माणसे वेधशाळेच्या अधिकाऱ्यांच्या थाटात हवामानावर मते देत असतात. पण हाच विषय कॉलेजात शिरला की त्याला कोणी वाली उरत नाही. भौतिकशास्त्रवाले त्याला भूगोलाकडे धाडतात, भूगोलवाले पर्यावरणाकडे बोट दाखवतात आणि कॉमर्सच्या वर्गात तर त्याचे नावही निघत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात; हा तर दहा घरचा!

सरकारदरबारी याची दखलच घेतली गेली नाही, असे मात्र नाही. पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच बजावले होते. पुढे न्यायालयाच्याच आदेशावरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एक सक्तीचा अभ्यासक्रम आखला. आठ प्रकरणे, पन्नास तास. त्यात हवामानबदलाला जागा कोठे मिळाली? सहाव्या प्रकरणात, एका ओळीत. तीही त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हे. तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोनचा थर, अणुभट्ट्यांचे अपघात अशी सारी मंडळी त्याच ओळीत, लोकलच्या चौथ्या सीटवर बसावी तशी दाटीवाटीने बसलेली! २०२३ मध्ये आयोगाचा नवा आराखडा आला, तेव्हा कोठे त्या ओळीचे एक अख्खे प्रकरण झाले.

याचा मला आनंदच आहे. पण माझी तक्रार निराळी आहे. एखाद्या गोष्टीचा स्वतंत्र पेपर निघाला की बाकीचे विषय हात झटकून मोकळे होतात.

आमची नात उपनगरातल्याच एका कॉलेजात बी.कॉम.ला आहे. पर्यावरणाचा प्रकल्प तिने एका संध्याकाळी, दूरदर्शनवरची मालिका बघता बघता उरकला, तेव्हा मी म्हटले, "अगं, निदान एखादा नाला तरी बघून यायचास!"

"आजोबा, तो पेपर नुसता पास व्हायचा असतो. खरे विषय म्हणजे अकाउंट्स, ऑडिट, टॅक्स."

"आणि २६ जुलैचा पाऊस कशात येतो?"

"तो आमच्या सिलॅबसमध्ये नाही."

वाचकहो, आता तो दिवसच जरा तपासून पाहू. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. हा दिवस मुलांना शिकवायचा, तर कोणी? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्राने सांगावे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते आणि त्या दुपारी समुद्राला मोठी भरती होती, हे भूगोलाने. नदीकाठची दलदल बुजवून तेथे काय काय उभे राहिले, ते इतिहासाने. जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, हे अभियांत्रिकीने. ती क्षमता ५० पर्यंत न्यावी, असा अहवाल १९९३ मध्येच आला होता. तरी बारा वर्षांनंतरही त्यातले बरेच काम कागदावरच का राहिले, हे अर्थशास्त्राने आणि राज्यशास्त्राने सांगावे. यातला एक धडा गाळला, तरी त्या दिवसाचा उलगडा होत नाही.

"मग ऑडिटचं काय?" नातीने विचारले. तिला वाटले, आता आजोबा अडकले.

ऑडिटचे असे, की सेबीच्या नियमाप्रमाणे २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना आपल्या पर्यावरणविषयक कारभाराचा तपशील जाहीर करावा लागतो. कारखान्याच्या धुरातून कोणता वायू किती गेला, याचाही हिशेब त्यात येतो. तो आकडा खरा की रंगवलेला, हे उद्या पाहणार कोण? नालाही न पाहता प्रकल्प उरकणारीच ना!

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "पण आमच्या मॅडमना हे कोण शिकवणार?"

प्रश्न बिनतोड होता. अर्धे उत्तर आपल्या शेजारीच आहे. पवईच्या आयआयटीत २०१२ पासून वेगवेगळ्या शाखांची माणसे हवामानाच्या अभ्यासासाठी एकत्र आली आहेत. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, हे २०१७ मध्ये दाखवून देणाऱ्या संशोधनात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर पवईचेही होते. पण ही झाली संशोधकांची पंगत. पवईचे हे ज्ञान डोंगर उतरून घाटकोपरच्या बी.कॉम.च्या वर्गापर्यंत येत नाही.

उरलेले अर्धे उत्तर पैशाचे आहे. तासिका तत्त्वावर नेमलेली प्राध्यापिका सकाळी बोरिवलीत आणि दुपारी अंधेरीत शिकवणार. तिने नवा धडा तयार करावा तरी केव्हा? त्या तयारीचे मानधन तिला मिळाले पाहिजे. एवढे झाले, तर नव्या पेपरची गरज नाही. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाने सत्रात दोनच तास या एका पुराला द्यावेत. मात्र ते आपापल्या विषयाच्या भाषेत, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारावा. प्रश्न आला नाही, तर आपली मुले काय करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको!

तेव्हा मंडळी, दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना मार्कांबरोबर एवढे जरूर विचारा: तुझ्या कोणत्या विषयात आपला पाऊस आला? आणि कोणत्याच विषयात आला नसेल, तर पालक-सभेत उठून तोच प्रश्न प्राचार्यांना विचारा.