नुसती बंदूक असून भागत नाही



अकितात अस्वले वस्तीत शिरू लागली म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात तेथे स्वसंरक्षण दलाचे जवान पाठवावे लागले. सैन्य आले की अस्वलांचा निकाल लागलाच, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. जवान अस्वले मारायला गेलेच नव्हते. पिंजरे वाहून नेणे, लावणे यांत त्यांनी मदत केली. गोळी झाडण्याचे काम शिकाऱ्यांकडेच राहिले.

याच अकितात आनी येथे मातागी हे पिढीजात शिकारी आहेत. आधी त्यांच्या हाती भाले होते, मग ठासणीच्या बंदुका, पुढे रायफली आल्या. तरी एकत्र शिकारीची रीत जुनीच. काही जण खालून आरडाओरडा करत रान उठवतात आणि अस्वलाला चढावर हुसकतात. नेमबाज वर धारेवर गप्प बसून राहतात. अस्वल कोणत्या वाटेने वर येईल हे म्होरक्याला ठाऊक असावे लागते. त्या म्होरक्याला ते काय म्हणतात? 'शिकारी'! अगदी आपलाच शब्द वाटतो. मांसाचे वाटे सर्वांना सारखे. नुसता ओरडणाराही त्यात आला.

पण हे जाणकार आता म्हातारे होत चालले आहेत. सरकारने नव्या बंदुकांच्या आधी तरुणांना त्यांच्याबरोबर डोंगरात हिंडण्यासाठी पैसे द्यावेत, असे आमचे मत आहे. अस्वलाला मारूच नये असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्यावे.