मधे उभा राहिलेला मजदी

दोस्तांनो, भांडणात मधे पडलं की दोन्हीकडचे गुद्दे आपल्यालाच, हो ना? मग हे ऐका. साल 623. तांबड्या समुद्राच्या अरबी किनाऱ्याने मक्केचा व्यापारी काफिला सीरियाहून परतत होता. सोबत अबू जहल आणि, जुने चरित्रकार सांगतात, 300 स्वार. त्याला अडवायला मदिनेहून आले पैगंबर महंमदांचे काका हमजा. बरोबर मक्का सोडावी लागलेली माणसं, फक्त 30!

आता जुंपणार, एवढ्यात मधे आला जुहैना टोळीचा मजदी. त्याचा दोन्ही बाजूंशी सलोखा होता. शिवाय मुलूख त्याच्या टोळीचा. तिला दुखवलं तर उद्या या वाटेने जायचं कसं? न लढताच दोघं आपापल्या वाटेने गेले.

पुढच्याच वर्षी, 624 मध्ये, बद्रला मक्का आणि मदिना पुन्हा समोरासमोर आले. तिथे मधे कुणी मजदी नव्हता. अबू जहल त्या लढाईत मारला गेला.