पंखा न्यावा, ट्रॉली सोडावी
घर बदलताना खरी खलबतं होतात ती भिंतीला लागलेल्या वस्तूंवरून. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमानुसार भाडेपट्ट्याने राहणारा स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेऊ शकतो. फक्त जागा मिळाली होती तशी परत करायची. पण कायद्याआधी माप बघावं. ओट्याखालच्या ट्रॉल्या, पडद्यांचे कापलेले रॉड, डासांच्या जाळ्या दुसरीकडे बसत नाहीत; नव्या भाडेकरूला मिळेल त्या भावात देऊन टाकाव्यात. तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा मात्र जरूर न्यावा, माळ्यावर ठेवलेला मालकाचा जुना पंखा परत टांगून. स्प्लिट एसीचं गणित किचकट: गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा, तांब्याची नळी उलगडताना पिचकते, नाहीतर नव्या घरी अपुरी पडते, शिवाय काढायची मजुरी वेगळी, बसवायची वेगळी. सात-आठ वर्षांचा असेल तर मी विकेन. बोअरच्या पाण्यावर चाललेला गीझर तर फुकटही उचलू नये. आत क्षार किती साचलाय हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि देव्हाऱ्याची फळी? तिचा सौदा घरातल्या ज्येष्ठांना विचारूनच करा.