खार करडी, चूक कुणाची?

आपल्या अंगणातली पट्ट्यांची खार तुम्ही रोज बघता. ब्रिटनची मूळ खार तांबडी, कानांवर केसांचे झुबके असलेली. १८७६ साली एका श्रीमंताने अमेरिकेतली करडी खार चेशायरमध्ये सोडली. का, तर शोभेसाठी! ही पाहुणी ओकची कच्ची फळंही पचवते, तांबडीला ती नीट पचत नाहीत. शिवाय करडीच्या अंगात एक विषाणू असतो. तिला सहसा काही होत नाही, तांबडी मात्र त्याने मरते. म्हणून तिकडे करड्यांना मारतात. मला ते पटत नाही. पण मग तांबडी संपू द्यायची का, असं कुणी विचारलं की मीही गप्प होतो. पाइन मार्टेन हा शिकारी प्राणी जिथे परतला, तिथे करड्या घटल्या, तांबड्या वाढल्या. त्यालाही पूर्वी माणसानेच मारून संपवत आणलं होतं. मला विचाराल तर बंदुकीआधी त्याला परत आणा.