दोन हजार वॉटची थाप

गाडी विकली तरी तिचा डेक आणि स्पीकर काढून घरात वाजवावेत, हे मला मनापासून पटतं. चांगली वस्तू भंगारात का घालायची? पण हे काम करून देणारे जे स्वयंघोषित ध्वनिशास्त्री गल्लोगल्ली दुकान थाटून बसलेत, त्यांचं अगाध ज्ञान ऐकून डोकं फिरतं.

पहिलं थोतांड वॉटचं. अ‍ॅम्पच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं, २००० वॉट. आता तोच अ‍ॅम्प फिरवून बघा. बाजूला फ्यूज दिसेल, २५ अ‍ॅम्पिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. करा गुणाकार. ३६० वॉट! आत सलग ३६० शिरणार आणि बाहेर २००० पडणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम यांच्या दुकानाच्या पायरीवर थांबतो का? बरं, साध्या एबी क्लासच्या अ‍ॅम्पमध्ये त्या ३६० मधलाही मोठा वाटा नुसता तापण्यात जातो. हे विचारलंत की उत्तर ठरलेलं, "साहेब, ती पीक पॉवर असते." म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येत नाही.

घरात तर पुढची कमाल. डेकच्या मागे फ्यूज १० अ‍ॅम्पिअरचा, आणि हा महाभाग त्याला जोडतो राउटरचा २ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर. आवाज वाढवला, बेसचा ठोका पडला, की डेक बंद. निदान? "डेक गेला, नवा घ्या." अरे, उपाशी माणसाला मेलेला ठरवतोस? १२ व्होल्ट, १० अ‍ॅम्पिअरचा बरा एसएमपीएस लाव. पिवळी आणि लाल वायर एकत्र करून प्लसला, काळी मायनसला. एवढंच काम आहे. वर वेगळा अ‍ॅम्प असेल, तर त्याच्या फ्यूजकडे बघून त्याला वेगळा, मोठा सप्लाय.

काही शूर तर गाडीची बॅटरीच बेडरूममध्ये आणून चार्जिंगला लावतात. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, हे शाळेत शिकवतात. त्यात बॅटरी आणि अ‍ॅम्पच्या मधे फ्यूज नाही! का? "इथे कुठे गाडी आहे?" वायर शॉर्ट झाली तर तीच बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर ओतते, मग इन्सुलेशन वितळतं आणि पडदे पेटतात. अशा माणसाच्या हातातून पक्कड काढून घ्यायला हवी.

आणि स्पीकर? ते लंबगोल सहा-बाय-नऊ शोकेसवर उघडेच मांडायचे! गाडीत त्यांच्यामागे अख्खी डिकी खोक्याचं काम करत होती. उघड्यावर पुढची लहर मागच्या लहरीला मारते आणि बेस गायब होतो. शिवाय गाडीच्या छोट्या बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप फुगतात. हॉलमध्ये ते होत नाही, कुणाच्याही बापाला ते जमणार नाही. यावर शास्त्रीबुवांचा तोडगा एकच, आणखी मोठा अ‍ॅम्प. त्यांना सरळ नाही म्हणा, आणि त्या पैशांत सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचे दोन घट्ट बंद खोके करून घ्या.